आयव्ही : उद्यानातील इतिहास व जोपासना

आयव्ही : (लॅ. हेडेरा हेलिक्स, कुल-ॲरेलिएसी). भिंती, झाडे व खडक यांवर चढणारी किंवा जमिनीवर पसरणारी सदापर्णी, काष्ठमय वेल. यूरोपचा बराचसा भाग व पश्चिम आशियाचा काही भाग येथे ती निसर्गतः आढळते. हेडेरा या वंशात सु. १५ जाती असून त्यांचा प्रसार यूरोप, उत्तर आफ्रिका, अटलांटिक महासागरातील मादेरा व कानेरी ही बेटे आणि आशियात थेट जपानपर्यंत झालेला आहे. उद्यानात शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या वेलींपैकी हिच्याइतका दीर्घ लिखित इतिहास फार थोड्या वेलींना आहे. सु. तेवीसशे वर्षांच्या या इतिहासात तिची स्तुती व निंदा सारख्याच प्रमाणात झालेली दिसते. या परस्परविरोधी मतांचे मूळ वेलीच्या वाढीच्या रीतीत आहे. नियमित छाटून मर्यादेत ठेवलेली आयव्ही उद्यानाचा अलंकार ठरते. तीच दुर्लक्षित राहिल्यास वास्तू, वृक्ष व कधीकधी संपूर्ण वनप्रदेश यांना भारभूत होते.

स्वरूप : आयव्हीच्या जीवनक्रमात दोन स्पष्ट अवस्था असतात. बाल्यावस्थेतील खोड लवचिक असून आधारालगतच्या बाजूस असंख्य आखूड आगंतुक मुळे फुटतात व त्यांच्या साहाय्याने वेल वर चढते. या अवस्थेतील पाने चिवट, गर्द हिरवी व तीन ते पाच खंडांत विभागलेली असतात. पुरेशी उंची व प्रकाश मिळाल्यावर काही वर्षांनी वेल प्रौढावस्थेत जाते. या अवस्थेतील फांद्यांना आगंतुक मुळे नसतात, त्या आधार सोडून झुडपासारख्या ताठ वाढतात व त्यांवरील पाने अखंड, अंडाकृती असतात. फुले फक्त या फांद्यांवर येतात. ती हिरवट पिवळी असून चवरीसारख्या फुलोऱ्यात, यूरोपात साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात उमलतात. फळे वाटाण्याएवढी, काळी असून हिवाळ्याच्या अखेरीस पिकतात. अनुकूल परिस्थितीत वेल सु. ३० मी. उंचीपर्यंत चढते.

उद्यानातील आयव्ही बहुधा बाल्यावस्थेतीलच असते. त्या अवस्थेतील खोडाची छाट कलमे सहज मुळे धरतात व तयार झालेले रोप त्याच अवस्थेत वाढत राहते. प्रौढ फांदीपासून कलम करणे अधिक अवघड असते. परंतु ते साधल्यास न चढणारे, झुडपासारखे वाढणारे झाड मिळते. ‘वृक्ष-आयव्ही’ या नावाने अशी झाडे यूरोपातील बागांत लावली जातात. एकाच वनस्पतीची ही दोन रूपे अनेक शतके अभ्यासकांना कोड्यात टाकीत होती. जिबरेलिक अम्लाच्या वापराने प्रौढ फांदीला पुन्हा बाल्यावस्थेत आणता येते, असे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्स यांनी १९५७ मध्ये दाखविले आणि या स्थित्यंतरामागील शरीरक्रियात्मक कारणांच्या शोधाला निश्चित दिशा मिळाली.

नामसादृश्य : आयव्ही हे नाव इंग्रजीत अनेक असंबद्ध वनस्पतींना लावले जात असल्याने घोटाळा होतो. ‘बॉस्टन आयव्ही’ (पार्थेनोसिसस ट्रायकस्पिडेटा) ही द्राक्षाच्या कुलातील पानझडी वेल असून तिचे मूलस्थान पूर्व आशिया आहे. ती मुळांऐवजी प्रतानांच्या टोकांवरील चकत्यांनी भिंतीला चिकटते. ‘पॉयझन आयव्ही’ ही आंब्याच्या कुलातील, त्वचेला तीव्र दाह करणारी उत्तर अमेरिकेतील वनस्पती आहे. भारतात घरोघरी आढळणाऱ्या मनी प्लँटला ‘डेव्हिल्स आयव्ही’ व नेहमीच्या भाजीतील तोंडलीला ‘आयव्ही गोर्ड’ म्हणतात. परंतु या दोहोंचा हेडेरा वंशाशी संबंध नाही. भारतातील शहरांत कुंपणाच्या व इमारतींच्या भिंतींवर चिकटून पसरलेली बारीक पानांची वेल बहुधा फायकस प्यूमिला ही असते. ती वड-पिंपळाच्या वंशातील आहे.

प्राचीन काळ : ग्रीक संस्कृतीत आयव्ही ही मद्य व उन्माद यांचा देव डायोनायसस याची प्रिय वनस्पती होती. त्याच्या मस्तकावर व त्याच्या भक्तांच्या हातातील दंडावर आयव्हीची पाने दाखविण्याची प्रथा होती. द्राक्षवेल हिवाळ्यात निष्पर्ण होते आणि आयव्ही मात्र हिरवी राहते व त्याच काळात फळे धारण करते. या विरोधामुळेही दोन्ही वेलींची सांगड घातली गेली असावी. रोममध्ये मात्र ज्यूपिटरच्या प्रमुख पुजाऱ्याला आयव्हीला स्पर्श करण्याची किंवा तिचे नाव उच्चारण्याचीही मनाई होती.

ग्रीक वनस्पतिविद थीओफ्रॅस्टस (सु. इ. स. पू. ३७१–२८७) याने आयव्हीच्या प्रकारांचे सविस्तर वर्णन केले आहे. भुईवर सरपटणाऱ्या, फळे न धरणाऱ्या प्रकाराला त्याने ‘हेलिक्स’ हे नाव दिलेले आढळते. हा स्वतंत्र प्रकार नसून वयाने लहान असलेली आयव्हीच आहे, हे काही जणांचे मतही त्याने नोंदविले आहे. ते मत बरोबर होते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये या जातीला हेडेरा हेलिक्स हे नाव दिले आणि बाल्यावस्थेचे जुने नाव संपूर्ण जातीला कायमचे चिकटले.

आयव्ही परक्या भूमीत लावण्याच्या प्रयत्नाची एक जुनी नोंदही थीओफ्रॅस्टसच्या ग्रंथात आहे. अलेक्झांडरचा कोषाधिकारी हार्पॅलस याने बॅबिलनमधील उद्यानांत ग्रीसमधील झाडे लावण्याचा प्रयत्न केला. आयव्ही रुजविण्यासाठी त्याने पुन:पुन्हा परिश्रम घेतले. पण ती तेथे जगली नाही. प्लूटार्क यानेही अलेक्झांडरच्या चरित्रात हा प्रसंग सांगितला असून तेथील भूमी उष्ण व आयव्ही थंडीची आवड असणारी, असे अपयशाचे कारण दिले आहे. उद्यानविद्येच्या दृष्टीने हे निदान आजही ग्राह्य आहे. मोठ्या सत्तेच्या आधारे व मुबलक खर्चाने केलेला हा प्रयोग हवामानापुढे टिकला नाही.

याच मोहिमेत आयव्हीचा भारतीय उपखंडाशी संबंध आला. इ. स. पू. ३२७–३२६ च्या सुमारास काबूल व सिंधू या नद्यांच्या दरम्यानच्या डोंगराळ प्रदेशात, नायसा नावाच्या स्थळी, ग्रीक सैनिकांना आयव्ही वाढलेली दिसली. फार दिवसांनी आपल्या देशातील वेल दृष्टीस पडल्याने त्यांना आनंद झाला व त्यांनी तिचे मुकुट करून मस्तकी धारण केले, असे इतिहासकार ॲरियन लिहितो. डायोनायसस हा देव पूर्वी या देशात येऊन गेला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. वस्तुतः सैनिकांनी पाहिलेली वेल हिमालयाच्या पश्चिम भागात निसर्गतः वाढणारी जात असणे संभवनीय आहे. ती पुढे हेडेरा नेपालेन्सिस या नावाने ओळखली जाऊ लागली. हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉख यांनी १८५३ मध्ये दिले.

उद्यानात हेतुपुरस्सर योजना करून आयव्ही लावण्याची पद्धत रोमन लोकांनी पूर्णत्वास नेली. सिसरो (इ. स. पू. १०६–४३) याने इ. स. पू. ५४ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या एका पत्रात त्याच्या माळ्याची प्रशंसा केली आहे. त्या माळ्याने घराचा पाया आणि फिरण्याच्या मार्गावरील खांबांमधील जागा आयव्हीने इतक्या झाकून टाकल्या होत्या की, तेथील पुतळेच बागकाम करून आयव्ही विकत आहेत असे वाटावे, असा विनोदही त्याने केला आहे. धाकटा प्लिनी (सु. ६१–११३) याच्या टस्कनीतील वाड्याच्या उद्यानात चिनारवर्गीय वृक्षांच्या रांगा होत्या व त्यांच्या खोडांवर आयव्ही चढविलेली होती. वृक्षांचे शेंडे स्वतःच्या पानांनी व बुंधे परक्या पानांनी हिरवे दिसत आणि एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या वेलींमुळे संपूर्ण रांग जोडली जाई. ही रचना त्याने एका पत्रात तपशीलवार वर्णिली आहे.

याच्या उलट त्याचा मामा थोरला प्लिनी (२३–७९) याने आयव्हीवर कठोर टीका केली. ती झाडांना व पिकांना घातक असून थडगी व भिंती फोडते आणि तिच्या गारव्यात साप आश्रय घेतात. अशा वनस्पतीला मान मिळावा याचेच आश्चर्य वाटते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. एकाच शतकात, एकाच घराण्यातील दोन लेखकांनी व्यक्त केलेली ही मते पुढील सर्व वादाची पूर्वपीठिका होत. धाकट्या प्लिनीने राबते माळी असलेले उद्यान पाहिले. थोरल्याने बेवारस थडग्यांवरील वेल पाहिली.

मध्ययुग : रोमन साम्राज्याच्या ऱ्हासानंतर वाड्यांची उद्याने नष्ट झाली, आयव्ही मात्र टिकून राहिली. नाताळच्या सणात हॉली या काटेरी सदापर्णी झुडपाबरोबर आयव्हीनेही घरे व चर्च सुशोभित करण्याची प्रथा इंग्लंडमध्ये रूढ झाली. मद्यालयाच्या दारावर आयव्हीची जुडी टांगण्याची चाल डायोनायससच्या जुन्या कल्पनेचा अवशेष मानली जाते. इंग्लंडमधील साउथवेल येथील मोठ्या चर्चच्या सभागृहात तेराव्या शतकाच्या अखेरीस कोरलेल्या दगडी पर्णावलीत ओक, द्राक्ष, हॉप यांबरोबर आयव्हीची पानेही ओळखू येतात. कारागिरांनी ठरीव नक्षीऐवजी प्रत्यक्ष वनस्पतींचे निरीक्षण करून ती घडविली, हे त्या पानांच्या खंडांवरून व शिरांवरून दिसते.

भग्नावशेषांची आवड : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये निसर्गदृश्याकडे चित्रकाराच्या दृष्टीने पाहण्याची वृत्ती बळावली. विल्यम गिल्पिन यांनी वाय नदीच्या काठच्या प्रवासाचे वर्णन १७८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात वेल्समधील टिंटर्न येथील भग्न मठाच्या भिंतींवर चढलेली आयव्ही त्यांनी सौंदर्याचे एक महत्त्वाचे अंग मानली. थोरल्या प्लिनीने जो दोष मानला तो, म्हणजे पडझडीशी असलेला संबंध, आता गुण ठरला. श्रीमंत जमीनदार आपल्या उद्यानांत कृत्रिम भग्नावशेष बांधून त्यांवर मुद्दाम आयव्ही चढवू लागले. चार्ल्स डिकिन्झ यांच्या पिकविक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीत जुन्या वास्तूंवर वाढणाऱ्या आयव्हीवर एक गीत आहे. ते स्वतंत्रपणे संगीतबद्ध होऊन लोकप्रिय झाले. टिंटर्नचा मठ १९०१ मध्ये सरकारी मालकीचा झाल्यावर मात्र त्याच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले व भिंतींवरील आयव्ही काढून टाकण्यात आली. ज्या वेलीमुळे ती वास्तू चित्रकारांना प्रिय झाली, तीच वास्तुसंरक्षकांच्या दृष्टीने धोक्याची ठरली.

एकोणिसावे शतक : या शतकात आयव्ही भग्नावशेषांवरून मध्यमवर्गीयांच्या घरांत आली. औद्योगिक शहरांतील धूर व काजळी अनेक झाडांना मानवत नसे. आयव्ही मात्र अशा हवेत व अल्प प्रकाशात तग धरी. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनमधील वैद्याने काचेच्या बंद पेटीत झाडे वाढविण्याची पद्धत शोधून काढली व १८४२ मध्ये तीवर पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हापासून घरात झाडे ठेवण्याची आवड वाढत गेली. कुंडीतील आयव्ही तारेच्या जाळीवर चढवून दिवाणखान्यात हिरवे पडदे करणे, खिडकीच्या चौकटीभोवती तिची महिरप करणे इ. प्रकार रूढ झाले. पॅरिसमध्ये हिरवळीच्या कडेने आयव्हीचे रुंद, काटेकोर छाटलेले पट्टे लावण्याची पद्धत होती. विल्यम रॉबिन्सन या उद्यानतज्ञाने पॅरिसच्या उद्यानांवरील १८६९ च्या आपल्या ग्रंथात तिची प्रशंसा केली.

शर्ली हिबर्ड (१८२५–९०) यांचा १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ हा केवळ आयव्हीला वाहिलेला पहिला महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ होय. रोपवाटिकांतून मिळणारे प्रकार जमवून व शेजारीशेजारी वाढवून त्यांनी त्यांची वर्णने केली. तथापि प्रचलित नावे टाकून त्यांनी अनेक प्रकारांना स्वतःची वर्णनपर नावे दिल्यामुळे पुढे नामकरणात गोंधळ निर्माण झाला. याच काळात चार्ल्स डार्विन यांनी आरोही वनस्पतींवरील आपल्या प्रबंधात (१८६५) मुळांच्या साहाय्याने चढणाऱ्या वेलींचा स्वतंत्र विचार केला. आयव्ही ही त्यांतील सर्वपरिचित वेल होय.

अमेरिकेत यूरोपीय वसाहतकारांबरोबर आयव्ही पोहोचली. एकोणिसाव्या शतकात तेथील काही महाविद्यालयांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी इमारतीच्या पायथ्याशी आयव्ही लावण्याचा समारंभ सुरू झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तो १८७३ पासून झाला. ईशान्येकडील जुन्या विद्यापीठांना १९३० नंतरच्या दशकात वृत्तपत्रांतून ‘आयव्ही लीग’ म्हटले जाऊ लागले व १९५४ मध्ये त्यांपैकी आठ विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने ते नाव औपचारिक रीत्या धारण केले. या विद्यापीठांच्या भिंतींवर दिसणारी वेल अनेकदा बॉस्टन आयव्ही असते.

प्रकार व वर्गीकरण : आयव्हीच्या फांदीत अचानक बदल होऊन वेगळ्या आकाराची किंवा रंगाची पाने येण्याची प्रवृत्ती असते. अशी फांदी कापून कलमाने वाढविली की नवा उद्यानप्रकार मिळतो. बहुसंख्य प्रकार याच रीतीने निर्माण झाले आहेत. १९२० च्या सुमारास अमेरिकेत ‘पिट्सबर्ग’ हा प्रकार आढळला. पानांच्या बेचक्यांतून आपोआप फाटे फुटत असल्याने शेंडा न खुडताही तो दाट व आटोपशीर वाढतो. कुंडीत लावण्याच्या आधुनिक प्रकारांपैकी पुष्कळ त्यापासून निघालेले आहेत. ‘गोल्डहार्ट’ या इटलीतील प्रकाराच्या पानांचा मध्यभाग पिवळा व कडा हिरव्या असतात. ‘ग्लोअर द मारेंगो’ हा पांढरट कडांचा, मोठ्या पानांचा प्रकार अल्जीरियन आयव्हीचा आहे.

प्रकार शेकड्यांनी वाढल्यावर त्यांच्या नोंदणीची गरज भासू लागली. १९७३ मध्ये अमेरिकन आयव्ही सोसायटीची स्थापना झाली. आयव्हीच्या उद्यानप्रकारांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे कार्य या संस्थेकडे आहे. सुझान पिअरॉट यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात पानांवरून आठ गट केले : चित्रित पानांचे, पक्ष्याच्या पावलासारखे, पंख्यासारखे, कुरळ्या कडांचे, हृदयाकृती, लघुपर्णी, नेहमीच्या आकाराचे व विक्षिप्त आकाराचे. हे गट वनस्पतिशास्त्रीय नसले, तरी बागाईतदाराला सोयीचे असल्याने रूढ झाले. शास्त्रीय वर्गीकरणासाठी मात्र पानांवरील सूक्ष्म केसांचा आकार व गुणसूत्रांची संख्या यांचा उपयोग करतात. हेडेरा हेलिक्समध्ये ४८ व जोमदार वाढणाऱ्या आयरिश आयव्हीत ९६ गुणसूत्रे असतात. त्यामुळे पूर्वी प्रकार मानलेली आयरिश आयव्ही आता बहुतेक तज्ञ हेडेरा हिबर्निका ही स्वतंत्र जात मानतात.

भिंत व वृक्ष यांना होणारा उपद्रव : आयव्ही ही जीवोपजीवी वनस्पती नाही. तिची आगंतुक मुळे झाडाच्या सालीत शिरून रस शोषीत नाहीत; अन्न व पाणी ती जमिनीतील मुळांवाटेच घेते. तथापि तिचा भार व वाऱ्याला होणारा अडथळा यांमुळे जीर्ण झाडे वादळात उन्मळून पडण्याचा धोका वाढतो आणि शेंड्यापर्यंत पोहोचलेली वेल झाडाचा प्रकाश अडवू शकते. आगंतुक मुळांतून स्रवणाऱ्या चिकट द्रव्यात अतिसूक्ष्म गोलाकार कण असतात, असे २००८ मध्ये आढळून आले. हे कण प्रामुख्याने अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिनांचे असल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले. द्रव्य पृष्ठभागावरील बारीक खळग्यांत शिरून सुकते व तेथे घट्ट बसते. त्यामुळे ओढून काढलेल्या वेलीबरोबर रंगाचे व गिलाव्याचे पापुद्रे निघतात.

भिंतींविषयी ऑक्सफर्ड विद्यापीठाने इंग्लंडमधील वारसावास्तूंचे जतन करणाऱ्या संस्थेसाठी संशोधन केले व त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. धड असलेल्या भिंतीवरील आयव्ही एखाद्या पांघरुणाप्रमाणे काम करते, भिंतीच्या तापमानातील चढउतार कमी करते आणि हवेतील धूलिकण पानांवर अडवून धरते, असे त्यांतून दिसून आले. जेथे मुळातच भेगा आहेत किंवा चुना निखळला आहे, तेथे मात्र खोड आत शिरून जाड होत जाते व दगड विलग करते. म्हणजेच दोन्ही प्लिनींची निरीक्षणे आपापल्या जागी यथार्थ होती. भेद भिंतीच्या स्थितीत व देखभालीत होता.

परक्या प्रदेशातील प्रसार : अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील दमट, सौम्य हवामानात आयव्ही उद्यानांतून वनांत शिरली. पक्षी फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. वेल जमीन झाकून स्थानिक रोपट्यांना उगवू देत नाही. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात फॉरेस्ट पार्क या वनातील आयव्ही उपटण्यासाठी १९९४ मध्ये स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली. विद्यापीठांच्या संघाच्या नावावर श्लेष करून तिने ‘नो आयव्ही लीग’ असे नाव घेतले. २०१० मध्ये ओरेगनमध्ये हेडेरा हेलिक्स व हेडेरा हिबर्निका यांच्या विक्रीस बंदी करण्यात आली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही ती तणांत गणली जाते. याउलट मूळ प्रदेशात तिचे परिसंस्थेतील स्थान मोलाचे आहे. शरद ऋतूच्या अखेरीस इतर फुले संपल्यावर तिचा मकरंद कीटकांना मिळतो. मुख्यतः तिच्या परागावर अवलंबून असणारी ‘आयव्ही माशी’ ही मधमाश्यांच्या वर्गातील जात १९९३ मध्ये स्वतंत्र म्हणून ओळखली गेली.

लागवड व निगा : आयव्हीला थंड व मध्यम दमट हवा मानवते, साधारण १०° ते २०° से. तापमानात वाढ उत्तम होते. बहुतेक प्रकार अर्धवट सावलीत चांगले वाढतात. गर्द सावलीत हिरव्या पानांचे प्रकार टिकतात. परंतु चित्रित पानांचे रंग फिके पडतात. जमीन निचऱ्याची असावी. तीत कुजलेला पालापाचोळा मिसळतात. चुनखडीयुक्त जमीनही चालते.

अभिवृद्धी छाट कलमांनी करतात. बाल्यावस्थेतील निरोगी खोडाचे ८–१० सेंमी. लांबीचे तुकडे पेऱ्याच्या खाली कापून ओलसर वाळू व पालापाचोळ्याच्या मिश्रणात लावतात, सु. तीन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. जमिनीवर टेकलेल्या खोडाला पेऱ्यांतून आपोआप मुळे येत असल्याने दाब कलमही सोपे असते. भिंतीलगत लावताना पायापासून थोडे अंतर ठेवून रोप भिंतीकडे कलते लावतात. पहिली एकदोन वर्षे वाढ मंद व त्यानंतर वेगाने होते.

छाटणी हे निगेतील सर्वांत महत्त्वाचे काम होय. नवी पालवी फुटण्यापूर्वी वर्षातून एकदा व आवश्यक तर पुन्हा एकदा वेल छाटतात. छपराची कौले, पन्हळी, खिडक्यांच्या चौकटी यांपासून ती सतत दूर ठेवावी लागते. चित्रित प्रकारात पूर्ण हिरवी फांदी निघाल्यास ती ताबडतोब मुळापासून काढतात. अन्यथा अधिक जोमाने वाढून ती रंगीत भाग झाकून टाकते. भिंतीवरील जुनी वेल काढावयाची असल्यास प्रथम खोड बुडाशी तोडतात व वेल पूर्ण वाळल्यावर हलक्या हाताने उतरवितात.

कोरड्या व उष्ण हवेत तांबड्या कोळ्यांचा उपद्रव होतो व पाने निस्तेज, करडी दिसू लागतात. पानांवर, विशेषतः खालच्या बाजूस, नियमित पाणी फवारल्याने तो आटोक्यात राहतो. याशिवाय मावा, खवले कीड व पिठ्या ढेकूण आढळतात. अतिओलाव्याने मुळे कुजतात व सूक्ष्मजंतूंमुळे पानांवर पाणथळ ठिपके पडतात. रोगट पाने काढून टाकणे व पाणी बुंध्याशी घालणे हे उपाय होत. पानांच्या रसातील फाल्कॅरिनॉल या द्रव्यामुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते. म्हणून छाटणी करताना हातमोजे वापरतात. पाने व फळे खाल्ल्यास विषारी असल्याने लहान मुले व पाळीव जनावरे यांपासून ती दूर ठेवणे इष्ट असते. पानांच्या प्रमाणित अर्काचा उपयोग खोकल्यावरील औषधांत करतात. परंतु घरच्या वेलीपासून असे औषध करणे धोक्याचे आहे.

आयव्हीने खोलीतील हवा शुद्ध होते, असा समज आहे. अमेरिकेच्या अंतराळ संशोधन संस्थेने (नासाने) १९८९ मध्ये बंद पेटीत केलेल्या प्रयोगांत तिने बेंझिनासारखी बाष्पे कमी केल्याचे आढळले होते. त्यातून तो पसरला. परंतु अशा प्रयोगांच्या २०१९ मधील आढाव्यात, हवा खेळती असलेल्या प्रत्यक्ष घरात कुंड्यांमुळे होणारा परिणाम नगण्य असल्याचा निष्कर्ष निघाला.

भारतातील आयव्ही : हेडेरा नेपालेन्सिस ही हिमालयात काश्मीरपासून पूर्वेकडे भूतानपर्यंत, सु. १,००० ते ३,००० मी. उंचीवर ओकच्या झाडांवर, खडकांवर व जुन्या भिंतींवर आढळते. तिची पाने अधिक लांबट, निमुळत्या टोकांची व फळे बहुधा नारिंगी-पिवळी असतात. जोसेफ हूकर यांनी संपादिलेल्या ब्रिटिश भारताच्या वनश्रीच्या दुसऱ्या खंडात (१८७९) ती हेडेरा हेलिक्स या नावानेच नोंदविलेली होती. स्वतंत्र जात म्हणून ती नंतर सर्वमान्य झाली. शिमला, मसूरी यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी ती परिचित आहे.

महाराष्ट्रात हेडेरा वंशातील कोणतीही जात निसर्गतः वाढत नाही. दख्खनच्या पठारावरील शहरांत हेडेरा हेलिक्सचे लघुपर्णी व चित्रित प्रकार रोपवाटिकांत मिळतात व कुंड्यांत किंवा टांगत्या टोपल्यांत लावले जातात. हिवाळ्यात त्यांची वाढ समाधानकारक होते. एप्रिल-मेमध्ये पाने करपू नयेत म्हणून कुंडी पूर्वेकडील सज्जात किंवा दाट सावलीत हलवितात, पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारतात व वरची माती सुकल्यावरच कुंडीत पाणी घालतात. पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवून निचऱ्याची विशेष काळजी घ्यावी लागते. कोकणपट्टीच्या उष्ण व दमट हवेत ती क्वचितच दीर्घकाळ टिकते. उघड्या, तापणाऱ्या भिंतीवर ती चढविण्याचा प्रयत्न सपाट प्रदेशात बहुधा निष्फळ ठरतो. अशा ठिकाणी फायकस प्यूमिला हीच अधिक उपयुक्त होय. तथापि तिचीही वेळोवेळी छाटणी न केल्यास भिंतीचा गिलावा निखळतो आणि आयव्हीविषयी यूरोपात जी तक्रार दोन हजार वर्षे होत आली, तीच येथेही उद्‌भवते.